फोर्कलिफ्टचे फोर्क कसे तपासायचे आणि कसे जपायचे: नव्याने जबाबदारी आलेल्यांसाठी

बुटीबोरी, हिंगणा, वाडी, कापसी. नागपूरच्या चहूबाजूंनी गोदामं आणि कारखाने वाढले, तशा फोर्कलिफ्टही वाढल्या. त्यांची देखभाल मात्र बऱ्याचदा अशा माणसाकडे येते, ज्याला ती कुणी नीट शिकवलेली नसते. स्टोअरला लागलेला नवा सुपरवायझर असतो, नाहीतर मेंटेनन्सला आलेला आयटीआयचा मुलगा, नाहीतर मालकाचाच पुतण्या. तेल, बॅटरी, टायर, ब्रेक याबद्दल कुणी ना कुणी सांगतं. फोर्कबद्दल, म्हणजे पुढे असलेल्या, मालाखाली जाणाऱ्या दोन पोलादी काट्यांबद्दल, कुणी बोलत नाही, कारण त्यात फिरणारं काही नाही, गळणारं काही नाही आणि तो आवाजही करत नाही.

माझ्या हाती पहिल्यांदा रजिस्टर आलं तेव्हा त्यात पानोपानी ‘फोर्क : ओके’ असंच लिहिलेलं होतं. ओके म्हणजे नेमकं काय, हे तिथे कुणालाच सांगता येईना. फोर्क नुसता बघून कळत नाही, मोजून कळतो. झीज किती झाली तर तो बाद, वाक किती आला तर बाद, याचे आकडे ठरलेले आहेत. वापरातल्या फोर्कच्या तपासणीसाठी आयएसओ ५०५७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि खाली दिलेल्या मर्यादा त्यातल्याच आहेत. तुमच्या ट्रकच्या (इथे ट्रक म्हणजे फोर्कलिफ्टच) मॅन्युअलमध्ये याहून कडक मर्यादा दिली असेल, तर ती पाळा.

१. आधी फोर्कची अंगं ओळखा

मालाखाली जाणारा आडवा भाग म्हणजे ब्लेड. कॅरेजला, म्हणजे फोर्क ज्यावर अडकवतात त्या वरखाली होणाऱ्या चौकटीला, टेकून उभा असतो तो शँक. दोन्ही जिथे वळणात मिळतात ती हील, म्हणजे टाच. शँकच्या मागे वर आणि खाली एकेक हूक असतो. या हुकांनी फोर्क कॅरेजच्या पट्ट्यांवर अडकतो. वरच्या हुकात स्प्रिंगची लॉक पिन असते. ती पट्टीच्या खाचेत बसते आणि फोर्कला डावीकडे-उजवीकडे सरकू देत नाही.

सगळा भार शेवटी टाचेवर येतो. ब्लेड एका बाजूनेच धरलेलं असतं. माल त्याला खाली दाबतो, त्यामुळे टाचेच्या आतल्या वळणात धातू ताणला जातो आणि बाहेरच्या, म्हणजे खालच्या बाजूला तो दाबला जातो. म्हणून चीर साधारणपणे आतल्या कोपऱ्यात सुरू होते. जमिनीवर घासून झीज होते ती मात्र खालच्या बाजूने. नवा माणूस यातली एकच बाजू बघतो आणि पुढे जातो. दोन्ही बाजू बघायच्या, आणि वेगवेगळ्या कारणांसाठी बघायच्या, हे आधीच डोक्यात पक्कं करून घ्या.

२. सामान आणि कागद गोळा करा

सामान फार लागत नाही. इतवारीत, लोहाओळीच्या आसपास किंवा सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरच्या हार्डवेअर दुकानांत यातलं बहुतेक मिळून जातं.

- व्हर्नियर कॅलिपर, जबडा निदान ६०-७० मिलिमीटर खोल जाईल असा. लहान व्हर्नियर फोर्कच्या रुंदीत आत पोचत नाही आणि कडेचंच माप देतो. तसा मिळाला नाही तर आऊटसाईड कॅलिपर आणि स्टीलची पट्टी चालेल.
- मोठा गुण्या, हात निदान ५०० मिलिमीटरचे. त्याचा बाहेरचा कोपरा थोडा कापून घ्या, नाहीतर टाचेच्या गोलाईत तो बसणार नाही.
- एक मीटरची सरळ पट्टी, मेजरिंग टेप, लेव्हल.
- तारेचा ब्रश, सुती चिंध्या, ग्रीस काढायला सॉल्व्हंट.
- डाय पेनिट्रंटचा, म्हणजे चिरेत रंग झिरपवून ती दाखवणाऱ्या चाचणीचा, संच. क्लीनर, लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर असे तीन डबे येतात. कारखान्यात याला सगळे ‘डीपी’ म्हणतात.
- टॉर्च, सेफ्टी शूज, हातमोजे आणि लाकडी ठोकळे.

फोर्कची झीज मोजायचा खास कॅलिपरही मिळतो. त्याचा एक जबडा शँकवर बसवून जाडी धरायची आणि दुसरा टाचेजवळ लावायचा. दुसरा जबडा फोर्कवरून आत शिरला, की फोर्क दहा टक्क्यांहून जास्त झिजलेला आहे. तुमच्याकडे पाच-सहा ट्रक असतील तर हा जरूर घ्या. ऑपरेटरलाही तो कळतो, हिशोब करावा लागत नाही.

कागदांमध्ये ट्रकचं मॅन्युअल, ट्रकवरच्या क्षमतेच्या पाटीचा फोटो, फोर्क वेगळे विकत घेतले असतील तर त्यांचं बिल आणि टेस्ट सर्टिफिकेट, मागच्या वार्षिक तपासणीचा दाखला आणि ऑपरेटरची रोजची चेकशीट एका फाईलमध्ये लावा. ट्रक भाड्याचा असेल तर भाडेकराराची प्रतही ठेवा. करारात फोर्कची तपासणी आणि बदली कुणाकडे, हे लिहिलेलं आहे का, ते वाचून बघा. बहुतेक करारांत तेलपाण्याचं आणि टायरचं लिहिलेलं असतं, फोर्कचा उल्लेखच नसतो. मग झिजलेली जोडी महिनोन् महिने तशीच चालत राहते आणि दोन्ही पक्ष एकमेकांकडे बोट दाखवतात.

३. फोर्कवरचा शिक्का वाचा

शँकच्या कडेला किंवा वरच्या हुकाजवळ आकडे ठोकलेले असतात. रंग आणि मळाखाली ते दबलेले असतात, ब्रश मारला की दिसतात. उदाहरणार्थ, १५०० × ५००. याचा अर्थ, टाचेपासून ५०० मिलिमीटरवर मालाचं वजन धरलं तर हा एक फोर्क १५०० किलो पेलतो. जोडीचे झाले ३००० किलो. म्हणजे तीन टनी ट्रकला दोन्ही फोर्कवर निदान इतका आकडा हवाच.

इथे एक मोठा धोका आहे आणि नवखा माणूस त्यात हमखास फसतो. फोर्क आणि कॅरेज यांची मापं वर्गांमध्ये ठरलेली आहेत. १००० ते २५०० किलोच्या ट्रकना दुसरा वर्ग, कॅरेजची उंची ४०७ मिलिमीटर. २५०१ ते ४९९९ किलोला तिसरा वर्ग, उंची ५०८ मिलिमीटर. अडीच टनी ट्रकचा फोर्क तीन टनी ट्रकवर बसतच नाही, त्यामुळे ती चूक होत नाही. पण दीड टनी आणि अडीच टनी हे दोन्ही ट्रक दुसऱ्याच वर्गात येतात. दीड टनीचा फोर्क अडीच टनीच्या कॅरेजवर अगदी छान बसतो, पिनही लागते, आणि बघणाऱ्याला काही खटकत नाही. एकाच आवारात दोन्ही क्षमतांचे ट्रक असतील आणि कधी फोर्कची अदलाबदल झाली असेल, तर सर्वांत आधी शिक्के वाचा.

शिक्का वाचताच येत नसेल तर मानकाप्रमाणे तीही उणीवच आहे. बनवणाऱ्याकडून खात्री करून शिक्का परत घालून घ्यावा लागतो. मार्करनं आकडा लिहून ठेवणं म्हणजे शिक्का नव्हे.

४. ट्रक उभा करा आणि फोर्क साफ करा

सपाट, पक्क्या फरशीवर ट्रक उभा करा. मास्ट, म्हणजे कॅरेज ज्यावर वरखाली होते तो उभा सांगाडा, सरळ करा, हँडब्रेक ओढा, चाकांना अडणी लावा. फोर्क रिकामे ठेवून मांडीच्या उंचीपर्यंत उचला आणि खाली भक्कम आधार द्या. मग इंजिन बंद करून चावी स्वतःच्या खिशात ठेवा. हायड्रॉलिकच्या भरवशावर वर राहिलेल्या फोर्कखाली हात किंवा पाय घालायचा नाही.

टाच, वरचा हूक आणि दोन्ही हुकांची जोडणी एवढी ठिकाणं तारेच्या ब्रशनं उघडी होईपर्यंत घासा. ग्राइंडर लावू नका. ग्राइंडर धातू खातोच, शिवाय बारीक चिरेचं तोंड चोपून बंद करतो. मग डीपी करूनही ती दिसत नाही.

५. टाचेची जाडी मोजा

सगळ्या तपासणीत एकच माप घेण्याइतका वेळ असेल, तर हे घ्या.

फोर्कची मूळ जाडी कागदावर सापडली तर उत्तम. नसेल तर शँकच्या मधल्या सरळ भागात, दोन हुकांच्या मध्ये मोजा. तो भाग जमिनीला घासत नाही, त्यामुळे तिथे मूळ जाडी टिकलेली असते. मग ब्लेडवर, टाचेचं वळण संपून सपाट भाग सुरू होतो तिथे मोजा. डावी कड, मध्य आणि उजवी कड अशी तीन मापं घ्या आणि त्यातलं सर्वांत कमी धरा. ब्लेडच्या टोकाकडे मोजू नका. ब्लेड टोकाकडे मुळातच निमुळतं असतं, तिथलं माप झीज सांगत नाही.

टाचेजवळची जाडी मूळ जाडीच्या ९० टक्क्यांवर आली की फोर्क बाद. ३५ मिलिमीटरचा फोर्क ३१.५ वर, ४० चा ३६ वर, ४५ चा ४०.५ वर, ५० चा ४५ वर. ही यादी छापून ट्रकजवळच्या भिंतीवर लावा.

‘चारच मिलिमीटर तर गेले’ असं कुणीतरी म्हणणारच, म्हणून कारण सांगतो. वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. जाडी दहा टक्क्यांनी घटली की ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.८१ उरतं. ताकद जवळपास एक पंचमांश कमी झाली. ४० चा फोर्क ३४ पर्यंत चालवला तर ती साधारण ७२ टक्क्यांवर येते. ट्रकच्या पाटीवर आकडा तोच, ऑपरेटर माल तेवढाच उचलतो, पण आत हिशोब बदललेला असतो.

जोडीतला एकच फोर्क मर्यादेखाली गेला तरी माझं मत असं, की दोन्ही बदला. नव्या फोर्कशेजारी झिजलेला ठेवला की टोकांच्या उंचीत फरक पडतो आणि माल एका बाजूला कलतो.

६. चिरा शोधा

डोळ्यांनी आणि टॉर्चनं आधी बघा. टाचेचं आतलं वळण, वरच्या हुकाचा आतला कोपरा आणि दोन्ही हूक शँकला जिथे वेल्ड केलेले असतात त्या रेषा. टॉर्च समोरून मारू नका, कडेनं तिरपी धरा, सावलीत बारीक रेघही उठून दिसते. एकाच रेषेत उमटलेली गंजाची लाल-तपकिरी ओळ दिसली तर तिथे थांबा. चिरेत पाणी शिरून गंज बाहेर येतो तेव्हा तो असाच दिसतो.

पण ज्या चिरा खऱ्या धोक्याच्या, त्या सुरुवातीला डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून वर्षातून एकदा तरी डीपी करायचीच. पद्धत अशी:

पृष्ठभाग पूर्ण साफ आणि कोरडा करा. टाचेवरचा आणि हुकांवरचा रंगही निघाला पाहिजे. रंगावर डाय मारली तर ती चिरेपर्यंत पोचतच नाही. लाल डाय फवारा आणि डब्यावर लिहिलेला वेळ, साधारण दहा ते पंधरा मिनिटं, थांबा. मग चिंधीवर क्लीनर घेऊन पुसा. क्लीनर थेट फोर्कवर फवारू नका, नाहीतर चिरेतली डायही धुऊन जाते. ही चूक इतक्या जणांकडून होते, की ‘डीपी केली, काही निघालं नाही’ यावर मी पद्धत विचारल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. पुसून झालं की डेव्हलपरचा पातळ थर द्या आणि निदान दहा मिनिटं थांबून बघा. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली तर चीर आहे. पसरट गुलाबी डाग हा बहुधा नीट न पुसल्याचा असतो. तेवढा भाग पुन्हा पहिल्यापासून करा.

नागपूरच्या उन्हाळ्यात एक गोष्ट वेगळी सांभाळावी लागते. एप्रिल-मे महिन्यात यार्डात उभ्या ट्रकचं लोखंड दुपारी हात लावू देत नाही. नेहमीच्या डीपी संचांची तापमानाची मर्यादा साधारण ५० अंशांपर्यंत असते. त्यावर डाय पृष्ठभागावरच सुकते, आत झिरपत नाही. म्हणून डीपी सकाळी लवकर किंवा ट्रक रात्रभर शेडखाली उभा करून मगच करा. डबे उन्हात किंवा केबिनमध्ये ठेवू नका, ते ज्वलनशील असतात. जवळपास वेल्डिंग चालू असेल तर तेही थांबवा.

हे काम बाहेरच्या तपासणीसाकडून करून घेणार असाल तर मॅग्नेटिक पार्टिकल चाचणीही चालते. यात फोर्क चुंबकित करून लोखंडाची बारीक भुकटी टाकतात, ती चिरेवर गोळा होते. फोर्क चुंबकाला ओढला जाणाऱ्या स्टीलचा असतो, त्यामुळे ती त्यावर चांगली लागू पडते.

चीर निघाली की फोर्क बाद. कितीही बारीक असो.

७. टोकांची उंची, कोन आणि सरळपणा

दोन्ही फोर्क कॅरेजवर एकमेकांपासून दूर सरकवा आणि जमिनीपासून दोन्ही टोकांची उंची मोजा. फरक ब्लेडच्या लांबीच्या ३ टक्क्यांहून जास्त नको. १०७० मिलिमीटरच्या फोर्कला साधारण ३२ मिलिमीटर, १२२० च्या फोर्कला साधारण ३६. फरशी ओबडधोबड असेल तर जमिनीवरून मोजण्यात अर्थ नाही. दोन्ही टोकांवर सरळ पट्टी आडवी ठेवून लेव्हल लावा.

फरक जास्त आला तर लगेच फोर्कवर खापर फोडू नका. डावा फोर्क उजवीकडे, उजवा डावीकडे अशी अदलाबदल करून पुन्हा मोजा. खाली गेलेलं टोक फोर्कबरोबर दुसऱ्या बाजूला गेलं, तर फोर्क वाकलेला आहे. ते त्याच बाजूला राहिलं, तर दोष कॅरेजमध्ये, साखळीच्या ताणात किंवा टायरमध्ये आहे. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि नव्या जोडीचा खर्च वाचू शकतो.

कोनासाठी फोर्क काढून आडवा टाकणं सोयीचं. शँकच्या पुढच्या बाजूला गुण्या टेकवा आणि ब्लेड त्यापासून किती दूर जातं ते बघा. शँक आणि ब्लेडमधला कोन ९३ अंशांहून जास्त उघडला असेल तर फोर्क बाद. तीन अंश म्हणजे ५०० मिलिमीटर लांबीवर साधारण २६ मिलिमीटर फरक. कोनमापक नसला तरी टेपनं हे कळतं.

सरळपणासाठी ब्लेडवर आणि शँकवर सरळ पट्टी लावा. लांबीच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त पोकळी नको, म्हणजे मीटरमागे ५ मिलिमीटर.

वाकलेला फोर्क गॅसनं तापवून, घण मारून सरळ करून देणारे भेटतील. त्यांच्याकडे जाऊ नका. सरळ करणं हे फक्त बनवणाऱ्याचं किंवा तितक्याच योग्यतेच्या तज्ज्ञाचं काम आहे. त्यानंतर गरजेप्रमाणे उष्णता-प्रक्रिया आणि शिक्क्यावरच्या क्षमतेच्या अडीचपट भाराची चाचणी घ्यावी लागते.

८. हूक, पिन आणि कॅरेज

वरच्या हुकाचा पट्टीवर टेकणारा भाग चेपला किंवा घासला गेला आहे का ते बघा. रिकाम्या फोर्कचं टोक हातानं वर उचलून सोडा. फोर्क पुढेमागे लटपटत असेल, हूक आणि पट्टीत मोकळीक वाढली असेल, तर हूक झिजलाय किंवा कॅरेजची पट्टी झिजलीय. दोन्ही मोजा.

लॉक पिन उचलून फिरवा, स्प्रिंगनं ती खाचेत ‘टक्’ करून बसली पाहिजे. पिन हरवली म्हणून तिथे बोल्ट, खिळा किंवा बांधकामाची तार अडकवलेली मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. वळणावर माल भरलेला फोर्क बाजूला सरकला तर तार त्याला धरून ठेवणार नाही. पिन स्वस्त असते, दोन-तीन जादाच्या स्टोअरमध्ये ठेवा.

कॅरेजच्या दोन्ही टोकांना फोर्क अडवणारे स्टॉपर असतात. ते जागेवर हवेत. खालच्या पट्टीच्या मध्यभागी एक खाच असते, फोर्क चढवण्या-उतरवण्यासाठी. कामाच्या वेळी फोर्क त्या खाचेसमोर आला तर खालचा हूक सुटतो. म्हणून तिथेही अडवणारा बोल्ट किंवा पट्टी लागते. फोर्क बदलून झाल्यावर तोच परत लावायचा राहून जातो.

९. फोर्क काढताना

अडीच-तीन टनी ट्रकचा एक फोर्क साठ-सत्तर किलोच्या आसपास असतो. दोन माणसांनी हातावर पेलण्याची ही वस्तू नाही. एका वेळी एकच फोर्क काढा. तो मधल्या खाचेपर्यंत सरकवा, टाचेखाली लाकडी ठोकळे द्या, कॅरेज हळूहळू खाली घेत वरचा हूक पट्टीवरून मोकळा होऊ द्या, मग ट्रक सावकाश मागे घ्या. हुकाच्या आणि पट्टीच्या फटीत बोटं घालू नका. फोर्क भिंतीला उभा टेकवून ठेवू नका, जमिनीवर आडवाच ठेवा.

१०. वेल्डिंगबद्दल

हे वेगळं लिहितोय, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. ‘भाऊ, दोन टाके मारून देतो, काही होत नाही’ असं सांगणारा वेल्डर प्रत्येक एमआयडीसीत सापडतो. त्याचा हात चांगला असेलही. प्रश्न त्याच्या हाताचा नाही, धातूचा आहे. फोर्क साध्या लोखंडाचा नसतो. मिश्रधातूच्या स्टीलला तापवून, थंड करून, पुन्हा ठरावीक तापमानावर नेऊन त्याला चिवटपणा दिलेला असतो. वेल्डिंगची उष्णता नेमका तो चिवटपणा घालवते. टाक्याच्या कडेचा पट्टा कडक आणि ठिसूळ होतो आणि पुढची चीर तिथूनच निघते. वरून टाका चकचकीत दिसतो, म्हणून तो आणखी घातक.

चिरेवर वेल्डिंग नाही. झिजलेल्या टाचेवर भर घालणं नाही. फोर्कला भोक पाडणं नाही, त्यावर अडकवायला हूक किंवा कडी वेल्ड करणं नाही. एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: शेडमध्ये दुसरं काही वेल्ड करताना फोर्क टेबल म्हणून वापरू नका आणि अर्थिंगचा चिमटा त्याला लावू नका. वेल्डिंगचा आर्क क्षणभर लागला तरी त्या ठिकाणी बारीक कडक ठिपका तयार होतो.

११. किती दिवसांनी काय

रोज पाळी सुरू होण्याआधी ऑपरेटरनं दोन मिनिटं फोर्क बघायचे: पिन बसली आहे का, वाक दिसतो का, टाचेला चीर आहे का, स्टॉपर जागेवर आहेत का. महिन्यातून एकदा तुम्ही टाचेची जाडी आणि टोकांची उंची मोजा. पूर्ण तपासणी, डीपीसकट, मानकाप्रमाणे जास्तीत जास्त १२ महिन्यांनी. काम जड असेल तर त्याआधी. दोन पाळ्या चालणाऱ्या, खडबडीत यार्डात धावणाऱ्या किंवा कास्टिंग-कॉइल उचलणाऱ्या ट्रकला मी सहा महिने धरतो.

कायद्याकडूनही वर्षाचीच अट चालत आली आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम २९ नं उचलयंत्रांची १२ महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी करून तिची नोंद ठेवायला सांगितलं. ही सक्षम व्यक्ती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची मान्यता असलेली लागते, त्यामुळे मान्यतेचं पत्र आणि त्याची मुदत आधी बघा. आणि तपासणीच्या दिवशी ट्रकजवळ स्वतः हजर राहा. भार उचलून दाखवला, की दाखला तयार होतो. पण त्यात फोर्कची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली आहे का, हे तुम्हालाच बघावं लागेल. नसेल तर लिहून मागा.

रजिस्टरमध्ये प्रत्येक फोर्कला स्वतःचा क्रमांक द्या, ट्रकचा नव्हे. फोर्क एका ट्रकवरून दुसऱ्यावर जातात, मग मापांची साखळी तुटते. रकाने एवढेच पुरे: तारीख, फोर्क क्रमांक, शँकची जाडी, टाचेची जाडी, टोकांतला फरक, डीपीचा निकाल, पिन, मोजणाऱ्याची सही. सहा महिन्यांची मापं एकाखाली एक आली की पुढची जोडी केव्हा लागेल याचा अंदाज आपोआप येतो आणि मालकाकडे आधीच मागणी टाकता येते.

१२. झीज कुठून येते ते शोधा

एका ट्रकचे फोर्क लवकर झिजत असतील तर कारण बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं.

पहिलं, ऑपरेटर फोर्क जमिनीला लावूनच चालतो. रिकाम्या पॅलेटचा ढीग फोर्कनं ढकलत नेणं हाही त्याचाच भाग. चालताना फोर्क १५ सेंटिमीटरच्या आसपास वर आणि मास्ट मागे झुकलेला हवा.

दुसरं, मास्टची साखळी ताणली गेली आहे. फोर्क पूर्ण खाली आणल्यावर टाच फरशीला टेकत असेल तर साखळी मोजून घ्या आणि मॅन्युअलप्रमाणे जुळवा.

तिसरं, टायर. टायर झिजले की सगळा ट्रकच खाली बसतो आणि टाचही त्याच्याबरोबर. टायर आणि फोर्कचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

ऑपरेटरशी बोलताना मापं त्याच्यासमोर घ्या, कॅलिपर त्याच्या हातात द्या. ‘दादा, बघा, मागच्या महिन्यात ३८ होतं’ एवढं म्हटलं तरी पुष्कळ फरक पडतो. एकाच फोर्कवर माल उचलणं, टोकानं पेटी उचकटणं, अडकलेला ट्रक फोर्कनं ढकलणं, या गोष्टी त्यालाही धोक्याच्या वाटतातच. घाई करणारा बहुतेक वेळा दुसराच कुणी असतो, आणि त्याच्याशी बोलणं तुमचं काम आहे.

लांब मालासाठी फोर्कवर स्लीव्ह, म्हणजे फोर्क लांब करणारं पोकळ आवरण, चढवत असाल तर आतला फोर्क स्लीव्हच्या निदान दोन तृतीयांश लांबीचा असू द्या. स्लीव्ह लावली की भार पुढे जातो, त्यामुळे क्षमता कमी धरावी लागते. पाटीवरचा आकडा तेव्हा लागू नसतो.

पावसाळ्यात उघड्या यार्डातल्या ट्रकचे हूक आणि पिन गंजतात, फोर्क सरकत नाही आणि मग घण मारून सरकवला जातो. कळमन्याकडच्या शीतगृहांमध्ये हाच त्रास वर्षभर असतो, कारण थंड खोलीतून बाहेर आल्याआल्या लोखंडावर पाणी साठतं. कॅरेजची वरची पट्टी पुसून पातळ ग्रीस आणि पिनला तेलाचे दोन थेंब, दर आठवड्याला. ब्लेडच्या वरच्या बाजूला ग्रीस लावू नका, पॅलेट घसरतो.

१३. नवी जोडी घेताना, जुनी काढताना

दुकानदाराला ‘तीन टनीचे फोर्क द्या’ एवढंच सांगू नका. कॅरेजची उंची मोजून वर्ग सांगा, जाडी × रुंदी × लांबी सांगा, प्रत्येक फोर्कवर किती किलोचा आणि किती मिलिमीटरचा शिक्का हवा ते सांगा. लांबी मालाच्या खोलीच्या निदान दोन तृतीयांश पडायला हवी. बनवणाऱ्याचं टेस्ट सर्टिफिकेट बिलासोबतच मागा, नंतर ते मिळत नाही. जुन्या बाजारात रंग मारून ठेवलेले फोर्क स्वस्तात दिसतील. शिक्का वाचता येत नसेल किंवा टाच मोजू देत नसतील तर सोडून द्या.

बाद झालेली जोडी कोपऱ्यात ठेवू नका. रात्रपाळीत एखादा फोर्क हरवला किंवा पिन तुटली की कुणीतरी तीच चढवतं. लाल रंगानं फुली मारा आणि भंगारात देण्याआधी गॅस कटरनं टाचेजवळ कापून दोन तुकडे करून घ्या. नाहीतर भंगारातून ती रंग लागून पुन्हा कुठल्या तरी ट्रकवर जाईल. कापलेल्या तुकड्यांचा फोटो क्रमांकासह रजिस्टरला लावा. नवी जोडी ट्रकवर चढवण्याआधी तिच्या शँकचं आणि टाचेचं पहिलं माप घेऊन त्याच पानावर लिहा.